नैर्ऋत्येची सुपारी

आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. जात पॉमेरेनियन, वजन तीन किलो दोनशे ग्रॅम. त्यातला कुत्रा दोनशे ग्रॅम आणि बाकीचे केस असावेत, असा माझा अंदाज आहे. आंघोळ घातली की टॉवेलात त्याला शोधावं लागतं. रायगडावरच्या वाघ्याने महाराजांच्या चितेत उडी घेतली अशी दंतकथा आहे. आमच्या वाघ्याने आजवर फक्त चिवड्याच्या डब्यात उडी घेतली आहे, आणि तीही डबा अर्धा रिकामा असताना.

तोंडात काय घालावं आणि काय घालू नये, याबाबत त्याचं मन फार मोठं आहे. शर्टाची बटणं, कॅरमची सोंगटी, सासूबाईंच्या श्रवणयंत्राची बॅटरी (ती वेळेत हिसकावली), हिच्या भिशीची चिठ्ठी. एका नोव्हेंबरात त्याने माझा हयातीचा दाखला खाल्ला. मी जिवंत असल्याचा एकमेव लेखी पुरावा कुत्र्याच्या पोटात आहे, हे बँकेत सांगताना माझा आवाज कापरा झाला होता. खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः आलाय ना?" मी हो म्हणालो. "मग कुत्र्याला कशाला मध्ये आणताय?"

तर अशा कुत्र्याच्या घशात कधी ना कधी काहीतरी अडकणार, हे विधिलिखित होतं. फक्त ते अडकायच्या आधी मी दोनदा फसलो.

पहिल्या वेळी रात्रीचे दोन वाजले होते. वाघ्या दिवाणखान्याच्या मधोमध मान ताणून, कोपरं बाहेर काढून उभा होता आणि 'घर्र-खॉंक, घर्र-खॉंक' असा हवा आत ओढल्याचा भीषण आवाज करत होता. कुणी बंद पडलेली स्कूटर किक मारून सुरू करतंय, असं वाटावं. मी त्याला उलटा धरला आणि पायजम्यावर कोथरूडच्या रस्त्यावर धावलो. रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पांढऱ्या गोळ्याकडे. "काय आहे?" "कुत्रा." "मीटरपेक्षा तीस जास्त."

दवाखान्यात पोचेपर्यंत वाघ्या ठणठणीत झाला होता आणि रिक्षाच्या खिडकीतून रस्त्यावरच्या कुत्र्यांना शिव्या देत होता. डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. हयातीतला मोठा काळ गाई-बैलांत गेलेला, त्यामुळे बोलणं मोजकं. माझ्या मोबाइलवरचा आवाज ऐकून म्हणाले, "उलटी शिंक आहे."

"म्हणजे?"

"आपण शिंक बाहेर टाकतो, हा आत ओढतो. लहान कुत्र्यांत नेहमीचं आहे. गळ्यावरून हात फिरवा, नाहीतर क्षणभर नाकपुड्यांवर बोट ठेवा म्हणजे तो आवंढा गिळेल. आपोआप थांबतं."

दुसऱ्या वेळी तो बदकासारखा खोकत होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले की या जातीची श्वासनलिका मुळातच नाजूक असते, पुढे ती चपटी पडत जाऊ शकते; गळ्यातला पट्टा काढा आणि छातीला बांधायचा पट्टा घ्या. बिल देताना मी विचारलं, "पण डॉक्टर, खरंच अडकलं तर कळणार कसं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघा, तो खोकतोय, खॉं-खॉं करतोय, आवाज येतोय, म्हणजे हवा ये-जा करतेय. तोवर हात लावायचा नाही, त्याचं त्याला काढू द्यायचं. आवाज बंद झाला, तोंडावर पंजे मारायला लागला, हिरड्या निळ्या पडल्या, की मात्र एक क्षण थांबायचं नाही."

जोवर आवाज आहे तोवर काळजी नाही. हे वाक्य मी घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग या घरात तुमच्या तब्येतीची तेवढी काळजी करायला हवी."

डॉक्टरांनी त्या दिवशी कृतीही दाखवली होती. पण एकदा बघून येणाऱ्या गोष्टींपैकी ती नाही, म्हणून मी सराव करायचं ठरवलं. वाघ्यावर सराव करायचा नाही, ही सक्त ताकीद होती. धडधाकट कुत्र्याच्या पोटावर उगाच दाब दिला तर बरगडी मोडते. म्हणून वाघ्याच्या वजनाची गव्हाच्या पिठाची पिशवी घेतली, पाठ माझ्या पोटाशी टेकवून धरली आणि जिथे बरगड्या संपतात असं मी मानलं तिथे मूठ ठेवून आत आणि वर असा दाब दिला. पिशवीने तिसऱ्या दाबाला दाद दिली. ही स्वयंपाकघरात आली तेव्हा ओटा, मी, मिक्सर आणि वाघ्या एकाच रंगाचे झालो होतो.

"निघालं का काय अडकलं होतं ते?" तिने विचारलं.

या दाबाच्या युक्तीला हाइमलिख या अमेरिकन डॉक्टरांचं नाव आहे. 1974 साली त्यांनी ती जगापुढे मांडली. हे मी सोसायटीच्या बाकावर सांगितलं तेव्हा निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "माणसाचा उपाय कुत्र्याला कसा चालेल?" मला हसू आवरेना. कारण हाइमलिखनी तो प्रयोग आधी कुत्र्यांवरच केला होता. बीगल जातीच्या कुत्र्यांना भूल देऊन, श्वासाची वाट बुजवून, पोटावर दाब दिला की बूच कसं उडतं ते त्यांनी पाहिलं. उपाय कुत्र्यांचाच होता, आपण तो उसना घेतलाय. पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. 2016 साली, वयाच्या 96व्या वर्षी, हाइमलिख सिनसिनाटीच्या वृद्धनिवासात जेवायला बसले होते. शेजारच्या 87 वर्षांच्या बाईंच्या घशात हॅम्बर्गरचा तुकडा अडकला. आजोबा उठले आणि आपल्या नावाची युक्ती वापरून तो बाहेर काढला. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात 96 वर्षांचा माणूस खुर्चीतून उठला तरी टाळ्या पडतात.

हाइमलिखना पाठीत मारायचा मात्र भयंकर राग होता. पुढे रेड क्रॉसने पाठीत पाच थापा आणि पोटावर पाच दाब असा तोडगा काढला. आपल्याकडे पाठीत धपाटा ही शास्त्राची नव्हे, नात्याची गोष्ट आहे. मला लहानपणी ठसका लागला की आई धपाटा घालायची, आत्या "वर बघ, पोपट बघ" म्हणायची, काका टाळूवर फुंकर मारायचे आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "कोण आठवण काढतंय रे त्याची?" एवढ्यांनी मिळून बरं केल्यावर नेमकं श्रेय कुणाचं, यावर रात्रीपर्यंत चर्चा चालायची.

आता मूळ प्रसंग.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. चौरंगाला केळीचे खांब, कलश, सव्वाच्या मापाचा शिरा, आणि बाजूला तबकात तांदळावर मांडलेल्या नऊ सुपाऱ्या. हे नवग्रह. मधोमध सूर्य आणि बाकीचे आठ आपापल्या दिशेला. मी सोवळ्यात, म्हणजे कमरेला कद. तो लग्नातला असल्यामुळे आणि कंबर नंतरची असल्यामुळे दोघांचं फारसं पटत नव्हतं. समोर सोसायटीतली पंधरा-वीस मंडळी. वाघ्याला खरं तर आतल्या खोलीत कोंडलं होतं, पण सासूबाईंना त्याची दया आली आणि त्यांनी कडी काढली.

कथा चौथ्या अध्यायात होती. प्रसाद न घेता कलावती धावली आणि तिचा नवरा नौकेसकट गडप झाला, इथवर गुरुजी आले होते. निम्मी मंडळी डोळे मिटून ऐकत होती. त्यातली निम्मी खरंच ऐकत होती. मागून एका वहिनींचा कौतुकाचा आवाज आला, "अगं बाई, बघा तरी! वाघ्या कसा नमस्कार करतोय!"

मी वळून पाहिलं. वाघ्या चौरंगाजवळ मागच्या पायांवर बसून दोन्ही पुढचे पंजे तोंडाकडे नेत होता. पुन्हा पुन्हा. लोकांनी मोबाइल काढले. "पूर्वजन्मीचं पुण्य असतं हो," कुणीतरी म्हणालं. "आमच्या नातवाला हात जोड म्हटलं तर जोडत नाही."

माझ्या पोटात खड्डा पडला. मी तीन वर्षं या कुत्र्याबरोबर राहतोय. तो दूधवाल्यावर भुंकतो, लिफ्टवर भुंकतो, टीव्हीवरच्या कुत्र्यावर भुंकतो आणि कधीकधी आपल्याच शेपटीवर भुंकतो. वीस माणसं घरात असताना तो गप्प आहे? तोंड उघडं होतं, जीभ बाहेर होती आणि आवाज शून्य. गुरुजी म्हणाले, "यजमान, लक्ष इकडे." मी पळी टाकून उठलो.

त्यानंतरचं अर्धं मिनिट मला फार तपशिलात आठवतं, कारण त्यात प्रत्येकाने मला एक सल्ला दिला.

"केळं द्या, केळं! घास खाली जाईल," सासूबाई. केळीचा अख्खा खांब हाताशी होता हे खरं.

"पाणी पाजा," वहिनी.

"कोरड्या भाताचा गोळा."

"सरळ उलटा टांगा, गुरुत्वाकर्षणाने पडेल," निवृत्त इंजिनिअर.

"प्रसाद न घेता कोण उठलं होतं आत्ता?" हा आवाज कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने तत्परतेने व्हिडिओ लावला, 'लहान कुत्र्याच्या घशात अडकल्यास काय करावे'. आधी जाहिरात आली, म्युच्युअल फंडाची. त्यातल्या जोखमीचा इशारा संपेपर्यंत इथली जोखीम वाढत चालली होती.

खायला-प्यायला काहीही द्यायचं नाही, हे मला पाठ होतं. वाट बंद असेल तर केळं त्यावरचं झाकण होतं आणि पाणी जातं फुप्फुसात. मी वाघ्याचा जबडा उघडला. हिरड्या जांभळट. पार मागे, जिभेच्या मुळाशी, काहीतरी गोल आणि तपकिरी. सुपारी! हात आपसूक आत जाणार, तेवढ्यात डॉक्टरांचं वाक्य आठवलं. ते म्हणाले होते, "गाईच्या घशात आंब्याची कोय अडकली तर आम्ही कोपरापर्यंत हात घालतो. तुमच्या या कुत्र्याला तुमचं बोटसुद्धा जास्त होतं. दिसतंय आणि चिमटीत येतंय, तरच काढा. गोल वस्तूला बोट लावलंत की ती आणखी आत जाणार."

मी वाघ्याला मांड्यांपाशी धरून डोकं खाली केलं. "मी म्हणत नव्हतो? गुरुत्वाकर्षण!" इंजिनिअर. मग खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेने थापा. जोरात नाही, तीन किलोच्या जिवाला साजेशा. एक, दोन, तीन, चार, पाच. काही नाही. त्याला सरळ केलं, पाठ माझ्या पोटाशी, आणि बरगड्यांची कड शोधायला लागलो. पॉमेरेनियनच्या बरगड्या शोधणं म्हणजे कापसाच्या गादीत सुई शोधणं. पिठाच्या पिशवीला निदान शिवण होती. अखेर कड सापडली. तिच्या खाली दोन बोटं टेकवली. आत आणि वर. एक. कद सैल झाला. दोन. कद सुटला. या क्षणी माझ्यापुढे दोन पर्याय होते आणि हात दोनच होते. तीन.

टण्ण!

सुपारी ताम्हनावर आदळली, तिथून उडून कलशाला लागली आणि गुरुजींच्या मांडीवर विसावली. वाघ्याने घरातली सगळी हवा एका दमात आत घेतली, ती आतल्या आत फिरवली आणि माझ्या अंगठ्याला कडकडून चावला. मग भुंकला. मला आयुष्यात कुठलीही आरती इतकी गोड वाटली नव्हती. घाबरलेलं जनावर सोडवणाऱ्याला आधी चावतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सोडून सगळ्यांना ते पटलं.

हिने देवघरावरचं वस्त्र ओढून माझ्या अंगावर टाकलं. गुरुजी मात्र तबकाकडे झुकून काहीतरी मोजत होते.

"आठ," ते म्हणाले. मग दिशा पाहिल्या. "मधला सूर्य आहे. पूर्वेला शुक्र, पश्चिमेला शनी जागेवर. नैर्ऋत्य रिकामी." त्यांनी मांडीवरची ओली सुपारी दोन बोटांत धरून उंच केली. "यजमान, तुमच्या कुत्र्याने राहू गिळला होता."

दिवाणखान्यात शांतता पसरली. युगानुयुगं सूर्य-चंद्राला गिळणाऱ्या राहूला कुणीतरी गिळलं होतं, आणि तेही तीन किलो दोनशे ग्रॅमच्या प्राण्याने. ज्या वहिनींना मघाशी पूर्वजन्मीचं पुण्य दिसलं होतं, त्या हळूच म्हणाल्या, "हे शुभ की अशुभ हो?" गुरुजींनी क्षणभर विचार केला. तीस वर्षं पुण्यात पूजा सांगणारा माणूस कुठल्याही प्रश्नाला निरुत्तर होत नाही. "सुटला ना? ग्रहण सुटलं. आता दान द्यायचं." दुसरी सुपारी आली, राहूचं पुन्हा आवाहन झालं, त्याची वेगळी दक्षिणा लागली, आणि कलावतीचा नवरा पाचव्या अध्यायाच्या आत पाण्यावर आला.

मी साबण लावून पाव तास नळाखाली अंगठा धरला आणि मग दोन दवाखाने केले, एक माझा आणि एक त्याचा. त्याचा आवश्यकच होता. वस्तू निघाली तरी घशाला आत ओरखडे असू शकतात, दाबाने पोटात काही दुखावलेलं असू शकतं. डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती ऐकली, पोट चाचपलं आणि म्हणाले, "बरं केलंत." गाईंच्या डॉक्टरांकडून हे म्हणजे पद्मश्री.

"सुपारी पोटातच गेली असती तर?" मी विचारलं.

"तर वेगळी गंमत. सुपारीतलं अरेकोलिन पूर्वी कुत्र्यांना जंतांवर देत असत. पट्टकृमींसाठी. न्यूझीलंडमध्ये तर गावोगावचे कुत्रे एका जागी बांधून ते पाजायचे आणि पुढे काय बाहेर येतं ते तपासायचे. जुलाब जबर होतात. आता त्याहून चांगली औषधं आहेत, तुम्ही देऊ नका."

घरी येऊन मी हे सांगितलं. ही अंगठ्याची पट्टी बघत म्हणाली, "म्हणजे जंतांच्या औषधाचे पैसे वाचत होते. काढलीत कशाला?"

वहिनींच्या मोबाइलमधला व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून हिच्या माहेरी आणि तिथून न्यू जर्सीला गेला. शीर्षक होतं 'सत्यनारायणाच्या कथेला हात जोडणारा श्वान'. तो सुपारी बाहेर पडायच्या आधीच संपतो, पण कद सुटल्याच्या नंतर. न्यू जर्सीहून मेव्हणीचा फोन आला, "भाऊजी, कुत्रा फारच भाविक आहे हो. तुम्ही का नाचत होतात?"

या कीर्तीमुळे ज्येष्ठ नागरिक संघाने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय, 'लहान कुत्र्याच्या घशात अडकल्यास प्रथमोपचार'. पस्तीस श्रोते, कुत्रा त्यातल्या दोघांकडे. मी पिठाची पिशवी नेली होती, या वेळी दुहेरी शिवलेली. उलटी शिंक, हिरड्यांचा रंग, पाच थापा, पाच दाब, बोट घालू नका, सगळं सांगितलं. मग प्रश्नोत्तरं झाली. पहिला प्रश्न, "मांजर असेल तर?" दुसरा, "सून असेल तर?" तिसरे गृहस्थ प्रश्न विचारायला उठले आणि 1961 च्या पानशेतच्या पुरात आपण म्हैस कशी वाचवली ते सांगून बसले. शेवटी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आवाज आहे तोवर हात लावू नये', ते सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि चहा झाला.

चहाबरोबर बटाटेवडा होता. पहिल्याच रांगेत बसलेल्या निवृत्त इंजिनिअरांना चटणीचा ठसका लागला. जोरदार, खणखणीत ठसका, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. चौतीस माणसं उठली. धपाटे पडू लागले, कुणी टाळूवर फुंकर घातली, कुणी "वर बघा, वर बघा" म्हणून छताकडे बोट दाखवलं, एका आजींनी केळं सोललं. आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हाताची घडी घालून उभा होतो. "त्यांना खोकू द्या," मी म्हणालो. "आवाज येतोय."

दोन मिनिटांनी मिरचीचा तुकडा निघाला. इंजिनिअरांनी पाणी प्यायलं, डोळे पुसले, चष्मा लावला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुत्र्यासाठी कद सुटेपर्यंत धावलात," ते म्हणाले, "आणि माझ्यासाठी हाताची घडीसुद्धा सोडवली नाहीत."